भुईला बादलीभर पाणी

माणसाने आयुष्यात एकदा तरी चोराची वाट पाहावी. मी सलग चाळीस रात्री पाहिली आहे. इतक्या आतुरतेने मी लग्न ठरल्यावर पत्राचीसुद्धा वाट पाहिली नव्हती.

झाले असे, की आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल तिसऱ्यांदा चोरीला गेली. पहिल्यांदा गेली तेव्हा मी चोराला शिव्या दिल्या. दुसऱ्यांदा गेली तेव्हा नशिबाला दिल्या. तिसऱ्यांदा शिव्या द्यायला कुणी उरले नाही, म्हणून चार कॅमेरे आणले. आमचे घर काटेवाडीला, बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जरासे आत. (तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या धावतात ती काटेवाडी. एवढे सांगितले की महाराष्ट्रात पुढचा पत्ता सांगावा लागत नाही.) एक कॅमेरा विहिरीवर लावला, एक गोठ्यावर, एक फाटकावर, आणि चौथा कुठे लावावा ते न सुचल्यामुळे माझ्या आरामखुर्चीवर रोखला. या चारही डोळ्यांनी पाहिलेले सारे साठवून ठेवणारी एक पेटी बैठकीच्या खोलीत ठेवली. तिला डीव्हीआर म्हणतात. आमची सौ. तिला 'चित्रगुप्त' म्हणते.

रोज रात्री जेवणे झाली की आम्ही दोघे पडद्यासमोर बसायचो. पहिल्या आठवड्यात एक कुत्रे दिसले. दुसऱ्या आठवड्यात तेच कुत्रे दिसले. तिसऱ्या आठवड्यात शेजारचे अण्णा आमच्या बांधावरची पपई तोडताना दिसले, आणि एक चांगला शेजारी आम्ही उगाचच गमावला. चोर मात्र आला नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी वीज आली.

वैशाखातली दुपार होती. आभाळ भरून आले. सौ.च्या मोबाइलमध्ये 'दामिनी' नावाचे एक ॲप आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ते काढले आहे आणि वीज जवळपास आली की ते सूचना देते. त्याने सूचना दिली. सौ. धावत गच्चीवर गेली आणि तिने वाळत घातलेल्या कुरडया आत आणल्या. मी विज्ञानाचा निवृत्त शिक्षक. मी खिडकीत उभा राहिलो आणि लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्याला तीनाने भागू लागलो, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते. सहा सेकंद, म्हणजे दोन किलोमीटर. तीन सेकंद, म्हणजे एक. मग एकदा भागाकार करायला वेळच मिळाला नाही.

वीज घरावर पडली नव्हती. पलीकडच्या नारळावर पडली होती. पण वीज बाईसाहेब जिथे उतरतात तिथेच थांबत नाहीत. आसपासच्या सगळ्या तारांना त्यांचा झटका बसतो. चार कॅमेरे, चित्रगुप्त, टीव्ही, इंटरनेटची पेटी आणि फाटकावरची घंटा, एवढी मंडळी एका क्षणात गेली. चोराचे चित्र काढण्यासाठी एवढा खटाटोप केला, आणि खरी चोरी झाली तेव्हा चित्र काढायच्या आधीच कॅमेरा गेला.

"अहो," सौ. म्हणाली, "राखणदारच गेला की!" आणि तिने कुरडया मोजायला घेतल्या. एकही कमी नव्हती.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. माझाच जुना विद्यार्थी. त्याने बोर्ड उघडला, आत पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले,

"सर, अर्थिंग कुठंय?"

"असेल की."

"न्हाई. तिसरी तार हितं बोर्डामागं गुंडाळून ठेवलीय. भुईत गेलीच न्हाई." मग तो जरा घुटमळला. "सर, राग मानू नका. सातवीला तुम्ही तडितरक्षकाची आकृती काढाय लावली व्हती. माझी पट्टी जमिनीपातुर पोचली न्हाई म्हणून मला तासभर बाकावर उभं केलं व्हतं."

"बरं, मग?"

"काय न्हाई सर. तुमची पट्टी कुठवर पोचलीय ते बघत व्हतो."

छत्तीस वर्षे मी मुलांकडून तडितरक्षकाच्या आकृत्या काढून घेतल्या. घराच्या टोकावर तांब्याचा भाला, भिंतीवरून खाली आलेली पट्टी, आणि शेवटी जमिनीत पुरलेला पत्रा. तीन गुणांचा प्रश्न. स्वतःच्या घराला मात्र मी शून्य मिळवला होता.

ही बातमी दौंडला मामांना कळली. मामा म्हणजे माझे सख्खे मामा. जन्मभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढला. वय ऐंशीच्या पुढे, पण अजून घड्याळ पाहून जेवतात आणि घड्याळ चुकीचे वाटले तर जेवत नाहीत. ते दौंड-बारामती गाडीने आले. खांद्याला पिशवी आणि रिक्षात एक पोते.

"पोत्यात काय आहे मामा?"

"कोळसा. आणि पिशवीत मीठ. खड्डा कुठं घ्यायचा ते दाखव."

कोळसा आणि मीठ हे शब्द ऐकले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तो का, ते सांगायला मला १९७३ सालच्या मे महिन्यात जावे लागेल.

दुष्काळाचे ते साल. मी दहा वर्षांचा होतो. सुटीत मला मामाकडे पाठवले. बारामतीहून दौंडला तेव्हा छोटी गाडी जायची, नॅरोगेजची. १९१४ साली सुरू झालेली ती गाडी इतक्या सावकाश जायची, की खिडकीतून पडलेली टोपी उतरून आणता यायची, असे लोक सांगत. मी टोपी टाकून पाहिली नाही. आईने मोजून दिली होती. दौंडला गाडी बदलून मनमाडच्या फाट्यावरचे एक लहान स्टेशन, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातले. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. स्टेशनचे नाव मी सांगत नाही, कारण तिथे माझ्या हातून एक गुन्हा घडला आहे.

त्या स्टेशनात मौल्यवान यंत्रे फार नव्हती. एक घड्याळ, एक घंटा (म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा), एक तिकिटाचे कपाट आणि मास्तरांच्या खोलीतली लाल रंगाची दोन टोकन यंत्रे. एकेरी मार्ग होता. एका वेळी एकच गाडी जायला हवी, म्हणून यंत्रातून एक गोळा निघायचा. तो चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवणार नाही, आणि पुढच्या स्टेशनने तारेवरून संमती दिल्याशिवाय यंत्र गोळा देणार नाही. लग्नाच्या बोलणीत इतकी पक्की व्यवस्था असती, तर बरेच संसार वाचले असते.

या यंत्रांची राखण मामांकडे. कुलपे लावायची, शिशाची सीले तपासायची, रंधे-पान्हे सांभाळायचे. आणि रोज संध्याकाळी स्टेशनच्या मागे जाऊन भुईत पुरलेल्या एका नळीत बादलीभर पाणी ओतायचे.

हे शेवटचे काम पाहून मी थक्क झालो. क्वार्टरला पाणी आगगाडीच्या टाकीतून यायचे, तेही आठवड्यातून दोनदा. मामी तांदूळ धुतलेल्या पाण्यात डाळ शिजवायची. अंघोळ एक दिवसाआड आणि तीही तांब्याने. आणि मामा बादलीभर पाणी खुशाल मातीत ओतून द्यायचे.

"जितीजागती माणसं तहानलेली," मामी कडाडायची, "आणि हे भुईला पाणी पाजतायत! भुईला कुठं अंकुर फुटणार आहे का?"

"अगं, ती अर्थ आहे."

"अर्थ कसला, अनर्थ आहे!"

मामीजवळ एक तुळस होती, रॉकेलच्या डब्यात लावलेली. दुष्काळात ती काड्यांवर आली होती. खरकट्याचे पाणी तुळशीला चालत नाही, म्हणून मामी स्वतःच्या पिण्यातले अर्धे फुलपात्र तिला घालायची आणि डोळे पुसायची. मामांना मूलबाळ तेव्हा नव्हते. त्या तुळशीपाशी मामी काय मागत असेल, ते मला त्या वयात कळले नाही. पण ती रडते एवढे कळत होते.

एके दिवशी मामा म्हणाले, "भाचेबुवा, आजपासून अर्थचं पाणी तुम्ही घालायचं. सरकारी काम आहे. चुकायचं नाही."

मी छाती फुगवून बादली उचलली. पहिले दोन दिवस नळीत ओतली. तिसऱ्या दिवशी क्वार्टरच्या मागून वळलो आणि बादली तुळशीत ओतली. चौथ्या दिवशीही. असे आठ दिवस.

मग जून लागता लागता वळीव आला. रात्री नऊच्या सुमारास स्टेशनपासून लांब कुठेतरी वीज पडली, तारांवरून आत आली, आणि एका टोकन यंत्राने प्राण सोडला. ड्रायव्हरना गोळ्याऐवजी कागदावर परवानगी लिहून देत गाड्या चालवाव्या लागल्या. दोन गाड्या तासतासभर लटकल्या. मामा रात्रभर कंदील घेऊन भिजत होते. मी गोधडीत डोके खुपसून पडलो होतो. पुढे साहेब आले, चौकशी झाली, मामांनी काही लिहून दिले. मी सुटी संपायच्या चार दिवस आधीच 'आईची आठवण येते' म्हणून काटेवाडीला पळालो.

आणि आता पन्नासएक वर्षांनी तेच मामा कोळसा आणि मीठ घेऊन माझ्या अंगणात उभे होते.

"मीठ-कोळसा कशाला?" नातवाने विचारले. नातू पुण्याहून सुटीला आला होता. वय वर्षे दहा.

"ओल धरून ठेवायला," मामा म्हणाले. "कोरडी माती वीज घेत नाही, ओली घेते."

"पण वीज घ्यायचीच कशाला? अडवायची ना!"

मामा हसले. "तुमच्या गावात पालखी येते तेव्हा काय करता? अडवता? रस्ता मोकळा करता, पायघड्या घालता आणि पुढं जाऊ देता. लाखभर माणूस घराघरांत घुसलं तर भिंती राहतील का? विजेचंही तसंच. तिला तुमच्या टीव्हीशी काही घेणं नाही. तिला भुईला भेटायचंय. तिला सरळ वाट दिली नाही तर ती टीव्हीतून वाट काढते."

छत्तीस वर्षे मी जे फळ्यावर शिकवले, ते इतके सोपे आहे हे मला कुणी सांगितले नव्हते. मी मुलांना सांगायचो, की एका विजेत साधारण तीस हजार अँपिअरचा प्रवाह असतो आणि तिच्या वाटेवरची हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. मुले आकडे पाठ करायची. पायघड्यांचे माझ्या मनातसुद्धा आले नाही.

खड्डा खणण्यापूर्वी एक लग्न आडवे आले. मामा, मी आणि नातू निघालो. गाडीसाठी एका मोठ्या स्टेशनावर बसावे लागले. याही स्टेशनचे नाव मी सांगणार नाही, कारण या वेळचे गुन्हे दुसऱ्यांचे होते.

हल्लीच्या मोठ्या स्टेशनावर गेले की आपण परीक्षेला बसल्यासारखे वाटते. वर कॅमेरे, दारात सामान तपासणारे यंत्र, जिकडेतिकडे लाल अक्षरांचे फलक. आमच्या डोक्यावरचा फलक एका गाडीची वाट पाहा म्हणत होता. ती गाडी वीस मिनिटांपूर्वी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली होती. एका कॅमेऱ्यावर चिमणीने काड्या जमवल्या होत्या. आणि त्याच खांबावर, ज्या डब्यातून फलकाला वीज जात होती त्याच डब्यात एका चहावाल्याने आपली विजेची किटली खोचली होती.

मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. देवघरात कुणी चप्पल घालून आले तर आजी जसे पाहायची, तसे ते पाहत होते.

"काढ ती!"

"बाबा, चहा गरम नको का?"

"चहा गरम हवा, आणि गाडी कुठं येणार ते थंड झालं तरी चालेल? काढ!"

चहावाल्याने किटली काढली. त्या आवाजासमोर इंजिनेसुद्धा थांबलेली आहेत.

मी सहज म्हणालो, "जाऊ द्या ना मामा. या फलकांवर आणि त्या बाईच्या घोषणांवर विश्वास ठेवतो कोण? तिचं एकच वाक्य खरं असतं, 'आम्हाला खेद आहे'."

मामा हसले नाहीत. म्हणाले, "सीएसटी आठवतं? २००८?"

मी गप्प झालो. २६ नोव्हेंबरची ती रात्र. स्टेशनात गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या जागेवरून हलले नाहीत. गाड्यांच्या घोषणा थांबवून ते लोकांना कुठून बाहेर पडायचे ते सांगत राहिले. कित्येक माणसे त्या आवाजाचे बोट धरून बाहेर पडली.

"झेंड्यांची छाती मोठी, ते खरंच," मामा म्हणाले. "पण त्या रात्री माइक चालू होता. तार धड होती. भोंगे वाजत होते. कुणीतरी ते नीट ठेवले होते. त्या कुणीतरीचं नाव पेपरात येत नाही, आणि येऊही नये. नाव आलं म्हणजे काहीतरी बिघडलं."

एवढे बोलून ते उठले आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे चालू लागले. लोक स्टेशनावर गाडी पाहतात, पुस्तके पाहतात, माणसे पाहतात. मामा जमीन पाहतात. टोकाला सिमेंटची चौकोनी झाकणे होती आणि तिथे भगव्या जाकिटातला एक तरुण वाकून काही मोजत होता. मामांनी ओळख सांगितली. रेल्वेवाल्यांची जात एक असते; दोन मिनिटांत पोरगा 'आजोबा, आजोबा' करू लागला.

त्याने जे दाखवले ते ऐकून मीच विद्यार्थी झालो. आता सिग्नलचे सारे काम संगणकासारख्या यंत्रांवर चालते. स्टेशनात कुठले बटण कधी दाबले, कुठला सिग्नल कधी पडला, याची सेकंदासेकंदाची नोंद एक यंत्र ठेवते; त्याला डेटा लॉगर म्हणतात. (खरा चित्रगुप्त तो.) जुनी लोखंडी यंत्रे धक्का सोसायची. ही नवी मंडळी शहरी. शिंक आली तरी आजारी पडतात. म्हणून विजेला तीन ठिकाणी गाठतात. तार जिथून आत येते तिथे पहिला पहारा, तो लोंढ्यातला मोठा भाग भुईत उतरवतो. आतल्या फळीवर दुसरा. आणि खुद्द यंत्राच्या तोंडाशी तिसरा.

"पालखीचा बंदोबस्त!" नातू ओरडला. "वेशीवर, चौकात आणि दारात!"

शिवाय ज्या खोलीत ही यंत्रे असतात तिला दोन कुलपे. एक किल्ली स्टेशनमास्तरांकडे, दुसरी सिग्नलवाल्याकडे. एकट्याला खोली उघडता येत नाही, आणि उघडली की वहीत नोंद. आमच्या लहानपणी लोणच्याच्या बरणीची व्यवस्था अशीच होती; आजीने कुलूप उघडायचे आणि आईने झाकण.

"आणि अर्थ?" मामांनी विचारले. इतका वेळ ते याच प्रश्नाकडे येत होते.

"चारी बाजूंनी कांबी पुरल्यात आजोबा, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. एक ओहमच्या आत ठेवावं लागतं."

"एक?" मामांचे डोळे चमकले. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतली अडचण. जितकी कमी तितकी वाट मोकळी. "आमच्या वेळी दहा मिळाले तर आम्ही पेढे वाटत होतो. पाणी किती घालता?"

"पाणी? पाणी नाही घालावं लागत. कांबीभोवती एक मसाला भरतात, तो ओल धरून ठेवतो. देखभालच नाही."

मामा बराच वेळ त्या झाकणाकडे पाहत राहिले. "चांगलं आहे," ते म्हणाले. "फार चांगलं आहे." पण मुलीला चांगले स्थळ मिळाले म्हणजे बाप जसे म्हणतो, तसे ते म्हणाले.

आम्ही बाकावर येऊन बसलो. गाडी लेट होती. काहीतरी बोलायचे म्हणून मी चीनमधली गोष्ट काढली. २३ जुलै २०११ ला तिथे वेंझोऊ शहराजवळ वीज पडली. स्टेशनातले सिग्नलचे यंत्र बिघडले. पुढच्या रुळावर गाडी उभी असताना यंत्र रूळ मोकळा असल्याचेच सांगत राहिले आणि लाल व्हायचा तो सिग्नल हिरवा राहिला. मागून दुसरी वेगवान गाडी आली. चाळीस माणसे गेली. पुढे चौकशीत यंत्राच्या रचनेतच दोष निघाला.

"वीज पडली म्हणून माणसं गेली नाहीत," मामा सावकाश म्हणाले. "वीज पडल्यावर यंत्र खोटं बोललं म्हणून गेली. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. सिग्नलची तार तुटली तर हात आपोआप धोक्यावर यायला पाहिजे. यंत्रानं मरावं, पण खोटं बोलू नये."

उन्हाची तिरीप बाकावर आली होती. नातू चिमणीचे घरटे मोजत होता. माझ्या घशात काहीतरी अडकले होते, ते पन्नास वर्षांपूर्वीचे होते.

"मामा," मी म्हणालो, "७३ साली तुमचं यंत्र मेलं, पण खोटं बोललं नाही. खोटं मी बोललो."

आणि मी सगळे सांगितले. बादली, तुळस, आठ दिवस. पासष्टीला टेकलेला माणूस प्लॅटफॉर्मवर चोरीची कबुली देत होता. वरचा कॅमेरा ते टिपत होता की नाही, कोण जाणे. चिमणीमुळे वाचलो असेन.

मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"अरे, दुष्काळात तालुक्यातली सगळी झाडं वाळली आणि आमच्या क्वार्टरमागं तुळस हातभर तरारली! सिग्नलवाला आहे मी. रुळावरची एक ढिबरी सैल झाली तर मला दिसायची, तुळस दिसणार नाही? पण दिसली तेव्हा उशीर झाला होता. दिवे गेल्यावर वळून पाहिलं."

"मग साहेबांना काय लिहून दिलंत?"

"खरं तेच. 'अर्थला पाणी घालण्याची जबाबदारी माझी होती व ती माझ्याकडून पार पडली नाही.' दहा वर्षांच्या पोराला सरकारी काम सांगणारा मीच ना? एक ताकीद मिळाली. फ्रेम करण्यासारखी होती."

"म्हणजे माझ्यामुळेच..."

"नुसत्या पाण्यानं यंत्र वाचलंच असतं, असं नाही. विजेचं कोण सांगणार? कदाचित वाचलं असतं." ते थोडे थांबले. "पुढच्या वर्षी तुझा मामेभाऊ झाला. तुझी मामी जन्मभर सांगायची, त्या वर्षी तुळस जगली म्हणून झाला. मी तिला कधी सांगितलं नाही, की त्या तुळशीला रेल्वेचं पाणी होतं."

गाडी आली. अर्थात, फलकावर दुसऱ्याच प्लॅटफॉर्मवर आली होती.

लग्नाहून परतल्यावर आम्ही खड्डा खणला. वायरमन पोरगा म्हणाला, "सर, आता तयार मसाला मिळतो, पाण्याची कटकट न्हाई." मी मामांकडे पाहिले आणि म्हणालो, "नको. मीठ-कोळसाच भर." खाली पत्रा, वर मिठाचा आणि कोळशाचा थर, मधोमध नळी. बोर्डामागे वीस वर्षे गुंडाळून पडलेली तिसरी तार अखेर भुईला पोचली. तारेच्या तोंडाशी पहारेकरी डबाही बसवला. नवा चित्रगुप्त आला. शेजारच्या अण्णांना मी एक पपई नेऊन दिली. ती त्यांनी न बोलता घेतली, म्हणजे वाटाघाटी सुरू झाल्या आहेत.

उन्हाळा होता. विहिरीने तळ दाखवला होता, टँकर दोन दिवसांआड येत होता. मी रोज संध्याकाळी नळीत बादलीभर पाणी ओतू लागलो.

"माणसांना पाणी नाही, आणि हे भुईला पाजतायत!" सौ. म्हणाली. मी तिला काही उत्तर दिले नाही. हे वाक्य आमच्या घराण्यात ज्याने ऐकले तो नोकरीत टिकला आहे.

मामा दौंडला परत गेले. जाताना नातवाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आता अर्थचं पाणी तू घालायचं. सरकारी काम आहे." नातवाने छाती फुगवून बादली उचलली.

चार दिवसांनी सकाळी अंगणात चहा पीत बसलो होतो. सौ.च्या वृंदावनातली तुळस वाऱ्यावर डुलत होती. गेल्या आठवड्यात पिवळी पडली होती. आता एकदम हिरवीगार, वर दोन नव्या मंजिऱ्या. सौ. तिला हात जोडून कौतुकाने पाहत होती. नातू माझ्याकडे न पाहता बिस्कीट खात होता.

मी काही बोललो नाही. त्या रात्री सगळे झोपल्यावर हळूच उठलो, बादली भरली आणि नळीत ओतून आलो. लांब इंदापूरच्या बाजूला वीज चमकत होती. फाटकावरच्या कॅमेऱ्याने माझी ही चोरी टिपली आहे. पेटीत आहे अजून.